स्कीममधल्या डॉक्युमेंटेशन जनरेटरचा पॅच २ तासांत कसा तपासू?

केळीबाग_जळगाव: ठिबकच्या हिशोबाची लायब्ररी गाईलमध्ये (स्कीम या प्रोग्रामिंग भाषेचा एक प्रकार) आहे, माहिती मराठीत. सोर्समधून एचटीएमएल पानं काढणारा जनरेटरही स्कीममध्येच. त्यावर ६०० ओळींचा पॅच (सुचवलेले बदल) आलाय. उद्या २ तास आहेत, नवीन काही इन्स्टॉल करायचं नाही. आधी काय बघू?

तापीकाठ: गिट डिफला (बदल ओळीओळीने दाखवणारी कमांड) -डब्ल्यू लावा, म्हणजे नुसत्या मोकळ्या जागांचे बदल दिसत नाहीत. बाहेरून एक लेट (स्थानिक नावं देणारी रचना) गुंडाळला तरी आतल्या सगळ्या ओळी सरकतात, डिफ उगाच फुगतो. मग कंस मोजा. एका ओळीचा शेवटचा कंस पुढच्या ओळीवर गेला तरी फाईल बिनतक्रार वाचली जाते, पण इफची शाखा बदलते.

धुळेकर_०७: गाईलऐवजी चिकन स्कीम घ्या. सीमध्ये कंपाइल होतं, एक बायनरी, काम सोपं.

तापीकाठ: भो, प्रश्न पॅचचा आहे. चिकनमध्ये मॉड्यूलपासून सगळं बदलावं लागेल.

भुसावळ_जंक्शन: कोड नंतर वाचा. त्याच सोर्सची पानं जुन्या नि नव्या जनरेटरने दोन फोल्डरांत काढा आणि डिफ -आरयू चालवा. नव्या वेळी --फ्रेश-ऑटो-कंपाइल (सगळं नव्याने कंपाइल कर) द्याच. मॅक्रो (कंपाइल होताना पूर्ण कोडमध्ये उलगडणारा तुकडा) एका फाईलमध्ये बदलला तरी तो वापरणारी दुसरी फाईल गाईल आपणहून पुन्हा कंपाइल करत नाही. कॅशमधला जुना विस्तारच चालतो आणि पानं जुनीच दिसून राहतात. अनुक्रमणिका हॅश टेबलमधून सॉर्ट न करता काढली असेल तर क्रमाची खात्री नाही, तुलनेत नुसता गोंधळ दिसेल.

रावेरची_ताई: एस्केपिंग (एचटीएमएलची खास चिन्हं साधी अक्षरं म्हणून दिसतील अशी लिहिणं) बघा, बाकी नंतर. टॅग स्ट्रिंग-अपेंडने (नुसता मजकुराला मजकूर चिकटवून) जोडलेत का? मग 'स्ट्रिंग<?' हे फंक्शनचं नाव पानाची वाट लावतं. '<?' दिसलं की ब्राउझर पुढच्या '>' पर्यंतचं सगळं कॉमेंट समजून गिळतो. त्यात कोडचा बंद करणारा टॅगही जातो. एसएक्सएमएल->एक्सएमएल (पानाचे टॅग लिहून देणारं गाईलचं फंक्शन) स्वतः एस्केप करतं, पण त्याच्याआधी कोणी हाताने केलं असेल तर दुहेरी होतं आणि पानावर '&एलटी;' अशी अक्षरं उमटतात. आणि एलसी_ऑल=सी (फक्त साध्या इंग्रजी अक्षरांची सेटिंग) ठेवून एकदा चालवा. फाईल उघडताना एनकोडिंग यूटीएफ-८ दिलं नसेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

धुळेकर_०७: रिकामी डॉकस्ट्रिंगही (फंक्शनसोबत लिहिलेली माहिती) बघा. स्कीममध्ये खोटं फक्त #एफ, रिकामी स्ट्रिंग खरीच धरली जाते. रिकामे परिच्छेद छापले जातात.

तापीकाठ: -डब्ल्यूचं मी आधीच सांगितलंय. त्याशिवाय बाकी काही दिसणार नाही.

केळीबाग_जळगाव: सगळ्यांचे आभार, पण ६०० ओळी वाचत नाही, सगळ्या पानांची तुलनाही करत नाही. इंडेंट, अनुक्रमणिका, एस्केपिंग असे तीन वेगळे पॅच मागवतो. ताईंचं 'स्ट्रिंग<?' तेवढं पॅच लावून आत्ता पाहिलं. प्रश्नचिन्ह गायब, आणि तिथून खालचं अख्खं पान कोडच्या ठशात. तोच स्क्रीनशॉट जोडून परत पाठवतोय.