जाड सालीचा भोपळा कोरावा कसा?

प्रश्न: एडिसनकर
हॅलोवीनसाठी मुलांच्या आग्रहाखातर यंदा नेहमीच्या गुळगुळीत भोपळ्याऐवजी अंगभर चामखिळींसारखे फोड असलेला नारिंगी भोपळा आणला आहे. त्याची साल इतकी टणक आहे, की तिच्यावर नख उमटत नाही आणि भाजीच्या सुरीचे टोकही घसरते. कोरीव कामाच्या तयार संचातील करवत पहिल्याच रेट्याला वाकली. डोळे, नाक आणि दातांची एक रांग एवढेच कोरायचे आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर: सुतारपक्षी
त्या संचातील करवती पातळ सालीच्या भोपळ्यांसाठी असतात. मॅसॅच्युसेट्समधील जॉन हाउडन यांनी १९६०च्या दशकात तयार केलेली, आजही कोरण्यासाठी सर्रास वापरली जाणारी ‘हाउडन’ जात त्यांना झेपते. तुमचा भोपळा झेपणार नाही. सुरी तर बाजूलाच ठेवावी, कारण टणक सालीत ती रुतून बसते आणि जोर लावला की एकाएकी सुटते. हात कापतो तो त्या क्षणी.

प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यांवर गिरमिटाने भोके पाडावीत. गिरमिटाचे टोक फोडावरून निसटते, म्हणून त्या जागेवरचे फोड आधी कानशीने घासून सपाट करावेत. मग जिप्समचे पत्रे कापण्याची अरुंद, टोकदार हातकरवत भोकातून आत घालून, न दाबता, लांब हातांनी ओढावी. भोपळा ओल्या फडक्यावर ठेवल्यास फिरत नाही. झाकण देठाकडे न कापता तळाशी कापलेले बरे. वरच कापायचे असल्यास करवत आतल्या बाजूला तिरकी धरावी, नाहीतर झाकण आत पडते.

उत्तर: लिनोकट
वरील पद्धत योग्य असली, तरी दातांच्या रांगेसारख्या बारीक कामासाठी आरपार कापण्याचा हट्ट कशाला, असे माझे मत आहे. लिनोकटाच्या, म्हणजे छपाईसाठी लिनोलियमवर चित्र कोरण्याच्या, हत्यारांनी फक्त साल काढावी आणि खालचा गर तसाच ठेवावा. आत दिवा लावला की तेवढा भाग मधासारखा उजळतो. त्यासाठी चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून जाड चमच्याने खरवडून सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंत आणावी लागते. खोलीत अंधार करून मधूनमधून दिवा आत धरून पाहावा, म्हणजे कुठे अजून खरवडायचे ते लगेच दिसते. हत्यार नेहमी दुसऱ्या हातापासून दूर ढकलावे. मुलांना खरवडण्याचे काम द्यावे. पाती मोठ्यांनीच हाताळावीत.

एडिसनकर
दोघांचेही आभार. डोळे आरपार आणि दात सालीपुरते, असे ठरवतो. आठवडाभर आधी कोरून ठेवले तर चालेल का? आणि निघालेल्या गराचे घारगे होतील का?

उत्तर: सुतारपक्षी
आठवडा फार झाला. अखंड असताना टणक सालीचा भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, पण एकदा कापला की त्या सालीचा उपयोग संपतो आणि बुरशी आतून धरते. ३१ ऑक्टोबरच्या दोन-तीन दिवस आधीच कोरावा, कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावावे आणि मेणबत्तीऐवजी एलईडी दिवा ठेवावा.

उत्तर: माजघर
घारग्यांसाठी आपल्याकडच्या लाल भोपळ्याचा घट्ट, गोड गर हवा. कोरण्याच्या भोपळ्यांचा गर बहुधा पाणचट आणि दोरेदार असतो, त्यामुळे किसून पिळल्याशिवाय आणि गूळ वाढवल्याशिवाय पीठ जमत नाही. कोरताना निघालेला ताजा गर त्याच दिवशी वापरावा. दिवा लावून अंगणात ठेवलेला भोपळा मात्र स्वयंपाकघरात परत आणू नये. बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजाव्यात.