सोफ्यामागची रिकामी भिंत: कमी खर्चात चित्रं कशी छापावी, कशी टांगावी?

प्रश्न
सोफा १८० सेंमी रुंद आहे, मागची भिंत मोकळी. मूळ चित्रं परवडणारी नाहीत, म्हणून नेटवरून उतरवून छापून घ्यायचा विचार आहे. पण छापलेली चित्रं वर्षभरात विटतात आणि काचेआड कागदाला लाटा येतात. हे कशामुळे होतं? शिवाय चित्र केवढं घ्यावं?

प्रतिसाद १
विटण्याचा दोष बहुतेक वेळा शाईचा असतो. घरच्या इंकजेटमध्ये बहुधा डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असते आणि ती उजेडापुढे टिकत नाही. छापून घेताना पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची) आणि २०० ते २५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कागद मागा. चकचकीत कागद काचेमागे नको. दोन्हींची चमक एकत्र आली की चित्राऐवजी समोरची खिडकीच दिसते.

चित्रांसाठी पैसे मोजायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींच्या मोठ्या फाइली सगळ्यांना खुल्या केल्या आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचाही असाच मोठा साठा आहे. जपानी चित्रकार होकुसाईचं लाकडी ठशाने छापलेलं ते प्रसिद्ध लाटेचं चित्र घ्या. ती लाट मुळातच साधारण २५ × ३७ सेंमीची आहे, म्हणजे ए३ कागदावर ती खऱ्या मापात बसते. अशी ठशांची चित्रं सामान्यांना विकत घेता यावीत म्हणूनच छापली जायची, त्यामुळे ती घरच्या भिंतीवर उपरी वाटत नाहीत.

३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ए३ साठी ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. भिंतीवरचं चित्र दोन हात लांबून बघायचं असतं, त्यामुळे २०० डीपीआयही चालतं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रतिसाद २
कागदाला येणाऱ्या लाटांबद्दल सांगतो. कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो. चारही कडा चिकटवलेल्या असल्या तर त्याला पसरायला जागाच उरत नाही, मग तो मधून उचलला जातो. म्हणून चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, डिंकाच्या कागदी पट्टीने लटकवायचं. खालची आणि बाजूच्या कडा मोकळ्या सोडायच्या. सेलोटेप अजिबात नको: ती पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात उतरून तेलकट डाग पाडतो.

खर्च करायचाच तर माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर करा. साध्या पुठ्ठ्यात आम्ल असतं. काही वर्षांत त्याची कापलेली कड तपकिरी होते आणि तीच रेघ चित्रावर उमटते. ‘अ‍ॅसिड-फ्री’ असं स्पष्ट सांगून मागा. माउंटची रुंदी तीन बाजूंना ७ सेंमी, खाली ८. एवढा एक सेंमी जास्त ठेवला नाही तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. माउंटची खिडकी, म्हणजे मधलं भोक, चित्राच्या कागदापेक्षा प्रत्येक बाजूला ३ मिमी लहान कापा, म्हणजे कागदाची कड झाकली जाते. माउंटचं खरं काम वेगळंच आहे: तो काच चित्रापासून दूर ठेवतो. काचेला टेकलेलं चित्र दमट हवेत तिलाच चिकटतं आणि सोडवताना रंग काचेवर राहतो.

फ्रेमच्या मागची फट कागदी टेपने बंद करा, नाहीतर कसर शिरते.

प्रश्नकर्ता
खूप उपयोगी माहिती. आता माप आणि टांगणं?

प्रतिसाद ३
सोफ्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे साधारण १२० सेंमी भरायचे. आडवं ए३ माउंट आणि फ्रेमसह ५८ सेंमीच्या आसपास जातं. अशा दोन फ्रेम आणि मध्ये ६ सेंमी जागा, झाले १२२. दोन्ही चित्रांचं प्रमाण वेगळं असलं तरी फ्रेम एकाच मापाच्या घ्या, फरक माउंट पोटात घेईल.

मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवतात. सोफ्यामागे मात्र पाठीच्या वर १५ ते २० सेंमी हे अंतर महत्त्वाचं. त्याहून वर गेलं की चित्र सोफ्यापासून तुटतं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

फ्रेमच्या मापाचा जुना वर्तमानपत्राचा कागद भिंतीवर लावून दोन दिवस बघा. मगच भोक. मागची तार ताणून धरा आणि वरच्या कडेपासून तिचं अंतर मोजा. सैल तार मोजली तर फ्रेम खाली उतरते. प्रत्येक फ्रेमला एका खिळ्याऐवजी दोन हुक द्या, तिरकी होत नाही. खिळा ठोकताना प्लास्टरचे टवके उडतात, त्यामुळे खुणेवर टेप लावून ६ मिमीच्या बिटाने भोक पाडा आणि प्लग बसवा. फोमच्या दुहेरी टेपवर काचेची फ्रेम टांगू नका, रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येते.

भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर खालच्या दोन कोपऱ्यांना ३-४ मिमीचे बुचाचे काप चिकटवा, मागून हवा खेळते. आणि फ्रेमची पाठ खिळ्यांनी बंद न करता फिरत्या क्लिपा बसवून घ्या. चित्र बदलायला पाच मिनिटं पुरतात आणि एका फ्रेममध्ये आलटून पालटून चार चित्रं लावता येतात.