रेडिएशननंतर स्तनावर जांभळे डाग : अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कर्करोग) कसा पकडायचा?

प्रश्न : वय ६२. सात वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढून रेडिएशन दिलेलं. आता त्याच स्तनाच्या त्वचेवर न दुखणारे जांभळट डाग, मार लागल्याचा इतिहास नाही. मॅमोग्राफी नॉर्मल, एफएनएसीत (बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी) नुसतं रक्त. थांबून बघावं का?

प्रतिसाद १ : थांबू नका. आजार त्वचेत असतो, म्हणून मॅमोग्राफीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. एफएनएसी इथे कुचकामी. ४ मिमीच्या पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला त्वचेचा तुकडा) दोन-तीन जागी घ्या, चरबीपर्यंत खोल. वरवरचा तुकडा गेला की ‘एटिपिकल व्हॅस्क्युलर लीजन’ (रक्तवाहिन्यांतला कर्करोग नसलेला बदल) असा अहवाल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. बायोप्सीच्या फॉर्मवर रेडिएशनचं साल लिहा. हे हमखास राहतं!

प्रतिसाद २ : पॅथॉलॉजीकडून भर : सीडी३१ आणि ईआरजी हे मार्कर (बायोप्सीच्या तुकड्यावरच्या चाचण्या) पेशी रक्तवाहिनीच्या आहेत एवढंच सांगतात, घातक की नाही ते नाही. त्यासाठी एमवायसी (पेशींच्या वाढीचं जनुक) तपासायला सांगा. रेडिएशननंतरच्या बहुतेक अँजिओसार्कोमात ते वाढलेलं असतं. निगेटिव्ह आलं, पण डाग पसरतायत? पुन्हा बायोप्सी.

प्रतिसाद ३ : शस्त्रक्रियेआधी छातीचा सीटी, कारण हा आजार फुप्फुसात पसरतो. डाग दिसतो त्याच्या बराच पुढे आजार असतो. त्यामुळे मास्टेक्टॉमीसोबत (पूर्ण स्तन काढणं) रेडिएशन झालेली त्वचा शक्य तितकी काढा. जागा झाकायला फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातली त्वचा) लागेल, प्लास्टिक सर्जनना आधीच सांगा. काखेतल्या लसीका गाठी सरसकट काढायची गरज नाही. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल (केमोथेरपीचं औषध) : ८० मिग्रॅ प्रति चौ. मी., दिवस १, ८, १५, दर २८ दिवसांनी.