मदत हवी आहे: डे-केअर केंद्रात प्रवेशासाठी ४० टक्क्यांचा दाखला लागतोच का?

माझ्या दादाला आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, भास जवळजवळ थांबलेत, पण दिवसभर खोलीत पडून असतो. डॉक्टर म्हणाले, आता चार माणसांत बसणं आणि हाताला काही काम असणं जास्त गरजेचं आहे. म्हणून सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका डे-केअर केंद्रात चौकशी केली. तिथे पिवळं रेशनकार्ड आणि किमान ४० टक्क्यांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र मागितलं. आमच्याकडे दोन्ही नाही.

प्रमाणपत्रासाठी जाऊन आलो. आयडियाज नावाची मोजपट्टी असते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम या चार गोष्टींना गुण देतात, आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. दादाला विचारलं, "अंघोळ स्वतः करता का?" तो "हो" म्हणाला. खोटं नाही ते. पण आई पाणी काढते, कपडे काढून ठेवते, पाच वेळा हाक मारते, तेव्हा कुठे तो उठतो. हे कुणी विचारलं नाही आणि त्याच्यासमोर मलाही सांगवेना. गुण चाळीस टक्क्यांच्या आतच आले. आई सत्तरीची झालीय. तिच्या जिवावर तो कागदावर बरा दिसतो, आणि म्हणूनच त्याला मदत नाकारली जातेय.

केंद्राची ही अट कायद्यात आहे का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, यात दोन कायद्यांची सरमिसळ झालीय. ४० टक्क्यांची अट २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातली, मुख्यतः आरक्षण आणि सवलतींसाठी. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ वाचा. सरकारी किंवा सरकारी निधीवरच्या सेवा मिळण्याचा हक्क तिथे प्रत्येकाला दिलाय, त्यात टक्के नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला तर कार्ड असो वा नसो, उपचार मोफत.

केंद्राकडून नकार लेखी मागा, ही पहिली पायरी. तोंडी नकार पुढे सिद्ध करणं अवघड जातं. तो कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो. प्रमाणपत्राविरुद्ध अपीलही करता येतं. त्या वेळी आई रोज काय काय करतात ते आठवडाभर लिहून न्या. दादांसमोर बोलायची वेळ येणार नाही.

आणि आईंना स्वतःला बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं, कागद लागत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. वही आजपासूनच सुरू करते. फक्त एक विचारायचं राहिलं: लेखी नकार मागण्याचा अर्ज आईच्या नावाने करू की दादाच्या? सही स्वतः करेन म्हणतोय तो.