वेब दुर्बिणीची निरीक्षणं वर्षभर कुलपात का?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता):
जेम्स वेब दुर्बिणीवर सुमारे १० अब्ज डॉलर खर्च झाले. नासा, युरोपीय अवकाश संस्था आणि कॅनडाची अवकाश संस्था यांचा हा पैसा, म्हणजे शेवटी करदात्यांचाच. तरी एखाद्या गटाचा छोटा किंवा मध्यम प्रस्ताव मंजूर झाला की त्याची निरीक्षणं सर्वसाधारणपणे १२ महिने फक्त त्याच गटाला मिळतात. बाकीच्यांना मास्ट या संग्रहात नोंद दिसते, फाइल उतरवता येत नाही.

माझं म्हणणं: हे कुलूप काढा. निम्मं नाही, पूर्ण.

डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीचं विज्ञानकाम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अखत्यारीतला वेळ वापरून हबल दहा दिवस सप्तर्षीतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या ठिपक्यावर रोखली (हेच ते ‘डीप फील्ड’). सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये सगळी निरीक्षणं जगासाठी खुली झाली. कोणाचं काय बिघडलं? उलट जगभरच्या मोठ्या दुर्बिणी त्याच ठिपक्याकडे वळल्या. २०१८ मध्ये उडालेल्या टेस या ग्रहशोधक दुर्बिणीच्या निरीक्षणांवरही असं कुलूप नाही. याउलट केप्लर या आधीच्या ग्रहशोधक दुर्बिणीच्या गटाने जून २०१० मध्ये ४०० ताऱ्यांची माहिती फेब्रुवारी २०११ पर्यंत राखून ठेवली, तेव्हा केवढी टीका झाली ते आठवा.

निशाचर:
साफ असहमत. तुम्ही दिलेली उदाहरणंच तुमच्या विरोधात जातात. डीप फील्ड हा संचालकांचा वेळ, टेस म्हणजे आकाशाची सरसकट पाहणी. तिथे कुठला तारा बघायचा हे ठरवण्यात कोणा एकाची बुद्धी पणाला लागलेली नव्हती.

वेबचं तसं नाही. वेळवाटपाच्या चौथ्या फेरीला २,३७७ प्रस्ताव आले आणि मागितलेला वेळ होता उपलब्ध वेळेच्या साधारण नऊपट. त्यातून जो पार होतो त्याने कोणता फिल्टर, किती सेकंद, दुर्बीण कोणत्या कोनात वळलेली हवी म्हणजे शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचे काटे आपल्या दीर्घिकेवर येणार नाहीत, यावर कित्येक महिने घातलेले असतात. मंजूर प्रस्तावाचा गोषवारा जाहीर असतो. दुर्बिणीचं वेळापत्रकही जाहीर. म्हणजे कोणता तारा कधी बघितला जाणार हे सगळ्यांना ठाऊक. कुलूप नसेल तर एकाने नांगरायचं, पेरायचं, आणि मळणीच्या दिवशी ज्याच्याकडे गाड्या जास्त त्याने धान्य भरून न्यायचं.

आणि हो, कच्ची फाइल एकदा उघडून बघा. नियरकॅम या वेबवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे पट्टे असतात. वैश्विक किरणांनी उमटवलेले गोल पांढरे डाग असतात, त्यांना स्नोबॉल म्हणतात. दुर्बिणीच्याच सांगाड्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे धुरकट फराटे असतात, ते विस्प. तुम्हाला हवी असलेली अंधूक दीर्घिका नेमकी त्या फराट्याखाली असू शकते. वीस जणांच्या गटाकडे हे साफ करायची आज्ञावली पहिल्या दिवसापासून तयार असते. शिकवण्याचा भार सांभाळून दोन विद्यार्थ्यांसह काम करणाऱ्या प्राध्यापकाकडे नसते. पूर्ण खुलं केलंत तर पहिला मार त्याला बसेल, बड्या गटांना नाही.

तिरपागडा:
करदाता करदाता काय चाललंय? तो करदाता दुर्बिणीची फिट्स फाइल उघडून बसणार आहे का?

खगोलवेडी:
तिरपागडा, बसलाय की! केप्लरचे खुले प्रकाशवक्र (ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदलतं त्याचे आलेख) ‘प्लॅनेट हंटर्स’ या संकेतस्थळावर हौशी लोकांनी नजरेने चाळले, त्यातूनच केआयसी ८४६२८५२ हा तारा सापडला. मध्येच २२ टक्क्यांपर्यंत मंदावणारा. २०१५ मध्ये त्यावर शोधनिबंध आला तेव्हा भले भले चक्रावले. नेहमीच्या ग्रहशोधक आज्ञावलीच्या साच्यात ते विचित्र खड्डे बसत नव्हते.

निशाचर, छोट्या प्राध्यापकाचा तुमचा मुद्दा मला उलटा दिसतो. नऊपैकी आठ वाटे वेळ नाकारला जातो. त्या आठांमध्ये छोटे प्राध्यापक नाहीत का? त्यांच्या हातात उरतो तो जुना साठाच. हबलच्या साठ्यावर दुसऱ्यांनी लिहिलेले शोधनिबंध मूळ प्रस्तावकांच्या निबंधांच्या पुढे गेले त्याला बरीच वर्षं झाली.

भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेचंच घ्या. तिच्या अतिनील दुर्बिणीचे आरसे जेमतेम ३८ सेंटीमीटरचे, हबलचा २.४ मीटरचा. तरी ९.३ अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण तिने टिपले, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. ती दीर्घिका हबलने आधीच खोलवर टिपलेल्या भागातली. हबलची चित्रं खुली नसती तर त्या अतिनील ठिपक्याला नाव-गाव कुठून मिळालं असतं?

सावकाश:
खगोलवेडी, उदाहरण झकास, पण पूर्ण सांगा. ते निरीक्षण ऑक्टोबर २०१६ मधलं, २८ तासांहून जास्त वेळाचं. त्यानंतर ही खूण त्या दीर्घिकेचीच, उपकरणाची किंवा पार्श्वभूमीची नव्हे, याची खात्री करण्यात जवळपास दोन वर्षं गेली. मागे कोणी धावत नव्हतं म्हणून ती दोन वर्षं मिळाली.

धावपळीत काय होतं ते जुलै २०२२ मध्ये दिसलं. वेबची पहिली निरीक्षणं कुलपाविना खुली झाली आणि काही दिवसांत आर्काइव्हवर (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच निबंध टाकतात त्या संकेतस्थळावर) विक्रमी दूरच्या दीर्घिकांची रांग लागली. उपकरणांचं अंशांकन (मोजमापं प्रमाणित करणं) तेव्हा पक्कं व्हायचं होतं, पुढच्या काही महिन्यांत त्याचे आकडे बदलले. सिअर्स-९३३१६ या दीर्घिकेला नुसत्या रंगांवरून रेडशिफ्ट (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप, जितकं जास्त तितकी दीर्घिका दूर) सुमारे १६ दिला गेला, म्हणजे महास्फोटानंतर अवघ्या २५ कोटी वर्षांच्या आतली. वर्णपट घेतल्यावर निघाला ४.९. धूळभरल्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठळक रेषा नेमक्या फिल्टरांमध्ये पडल्या आणि रंग फसवे झाले. मूळ निबंधाचे दावे बातम्यांत महिनोन्‌महिने फिरले, दुरुस्ती किती जणांनी वाचली?

ध्रुवमत्स्य:
सावकाश, दुरुस्ती झाली हे तुम्हीच सांगताय. निरीक्षणं खुली होती म्हणून कितीतरी गटांनी तीच दीर्घिका आपापल्या पद्धतीने तपासली, शंका काढल्या, आणि मार्च २०२३ मध्ये वर्णपट घेतला गेला. त्याच वर्णपट-निरीक्षणांनी मेझीची दीर्घिका हा अति दूरच्या दीर्घिकेचा दुसरा दावा मात्र खरा ठरवला, रेडशिफ्ट ११.४. वर्षाच्या आत खरं-खोटं वेगळं झालं. कुलूप असतं तर आज जो दावा वर्षभरात पडला तो पडायला दोन वर्षं लागली असती.

शिवाय घाई काय फक्त खुल्या निरीक्षणांतच होते? के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची (पृथ्वीवर मुख्यतः सजीवांकडून येणाऱ्या वायूची) खूण दिसल्याचं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं ते स्वतःच्याच निरीक्षणांवर काम करणाऱ्या गटाने. दुसऱ्यांनी तेच निरीक्षण तपासलं तर पुरावा कमकुवत निघाला. अतिउत्साह कुलपाने आवरत नाही.

निशाचर:
के२-१८बी चा मुद्दा मान्य, त्याचा कुलपाशी संबंध नाही. म्हणून तो बाजूला ठेवू. मोठ्या प्रस्तावांना आधीच कुलूप नाही, हे धाग्यात कोणीतरी लिहायला हवं होतं. वाद उरतो तो छोट्यांचा.

‘निदान हबलसारखे सहा महिने करा’ हा तोडगा आता कोणीतरी काढेलच, तर आधीच सांगतो. वेब सूर्याकडे पाठ करूनच बघू शकते. क्रांतिवृत्ताजवळचा (आकाशातल्या सूर्याच्या वाटेजवळचा) तारा तिला वर्षातून दोनदा, दर खेपेला साधारण ५० दिवसच दिसतो. समजा ग्रहाच्या दोन अधिक्रमणांची (ग्रह ताऱ्यासमोरून जातो त्या वेळांची) निरीक्षणं हवीत, एक या खेपेला आणि एक पुढच्या. मुदत प्रत्येक निरीक्षण संग्रहात आल्यापासून वेगळी मोजतात. म्हणजे सहा महिन्यांत पहिलं निरीक्षण खुलं होतं, तेव्हा दुसरं जेमतेम हाती आलेलं असतं. अर्ध्या पुराव्यावर कोणीतरी निबंध टाकून मोकळा. मग पूर्ण पुराव्यावरचा निबंध ‘आधी झालेलं काम’ म्हणून परत येतो.

ध्रुवमत्स्य:
मग अशा प्रस्तावांना मुदत शेवटच्या निरीक्षणापासून द्या, कारण मागून. सगळ्यांना आपसूक वर्ष कशाला? अपवाद हवा तर प्रस्तावातच मागावा, समितीने तपासावा. आणि श्रेयाचं म्हणाल तर निरीक्षणांच्या संचाला आता स्वतंत्र कायमचा क्रमांक मिळतो. तो उद्धृत करणं सक्तीचं करा, चोरी आपोआप उघडी पडेल.

खगोलवेडी:
+१. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या युरोपच्या गाइया यानाकडे बघा. २५ एप्रिल २०१८ ला दुसरा संच एकाच वेळी सगळ्यांसाठी खुला झाला. १.३ अब्जांहून जास्त ताऱ्यांची अंतरं त्यातून काढता येत होती. वर्षानुवर्षं त्यावर राबलेल्यांनाही राखीव मुदत नव्हती. त्यांचे स्वतःचे निबंध त्याच सुमारास आले, श्रेय कोणी हिरावलं नाही.

निशाचर:
गाइयावर राबणाऱ्या शेकडो लोकांचा पगार त्या कामासाठीच होता, आणि निबंध लिहायला हाताशी अख्खा संघ. वेबचा वेळ मिळवलेल्या विद्यार्थिनीला पुढची नोकरी मिळते ती पहिली लेखिका म्हणून नाव असलेल्या निबंधावर. निवड समिती त्या कायमच्या क्रमांकाला किती गुण देते ते ध्रुवमत्स्य यांनी सांगावं. ते गुण ठरले की कुलपावर बोलू.