फोटो संपादनासाठी लॅपटॉपमध्ये रॅम किती असावी: १६ जीबी की ३२?

प्रश्न – कातळसडा, राजापूर

नमस्कार. मी राजापूर तालुक्यात राहते आणि छायाचित्रणाची कामे घेते. लग्न, मुंज, गणपती, शिमग्यातली पालखी आणि रात्रीचे नमन-खेळे ही कामे वर्षभर चालू असतात. त्याशिवाय आमच्या भागातील सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, कातळशिल्पांची पद्धतशीर छायाचित्रे घेण्याचे काम मी मनापासून हाती घेतले आहे. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. तरीही जांभ्यावर कोरलेल्या या रेषा ऊन-पावसाने झिजत आहेत, आणि त्या स्पष्ट दिसत आहेत तोवर त्यांची चांगली नोंद व्हावी असे मला वाटते.

एखादे मोठे शिल्प जमिनीवर उभे राहून एका फोटोत बसत नाही. म्हणून उंच काठीला कॅमेरा बांधून, सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, म्हणजे कोरलेल्या खाचांत सावली पडत असताना, मी ओळीने फोटो घेते आणि नंतर ते एकमेकांना जोडते. एका शिल्पासाठी साधारण वीस फोटो लागतात आणि शेजारच्या दोन फोटोंत एक तृतीयांश भाग समान ठेवावा लागतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात, घेते आणि ते सुधारायला लाइटरूम क्लासिक व फोटोशॉप हे प्रोग्राम वापरते.

सध्याच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम (चालू कामाची माहिती ठेवण्याची तात्पुरती जागा) आहे आणि ती वाढवता येत नाही. लग्नाचे फोटो एकेक करून सुधारताना काम संथ चालते, पण चालते. वीस फोटो जोडायला घेतले की मात्र यंत्र इतके अडकते की माउसचा बाणही जागचा हलत नाही. नवीन लॅपटॉप घ्यायचाच आहे. दुकानदार म्हणतात १६ जीबी सगळ्याला पुरते, मुंबईचे एक नातेवाईक म्हणतात ३२ पेक्षा कमी घेऊच नकोस, आणि असे का, ते कोणीच सांगत नाही. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक पातळ लॅपटॉप आहे, त्यात १६ जीबी रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली आहे. दुसरा थोडा जाड आहे, त्यात दोन स्लॉट असून एकात १६ जीबीची पट्टी आहे आणि दुसरा रिकामा आहे. ३२ जीबी घ्यायची तर ग्राफिक्स कार्ड किंवा स्क्रीन यांपैकी कशात तरी तडजोड करावी लागेल. हा हिशेब नेमका कसा मांडावा, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

उत्तर – किनारा, मालवण

नमस्कार ताई. आपण हिशेब कसा मांडावा असे विचारलेत, म्हणून तोच आधी मांडतो.

रॉ फाइल डिस्कवर २५-३० एमबीची दिसते, पण तो आकडा इथे उपयोगाचा नाही. फाइल फोटोशॉपमध्ये १६-बिट स्वरूपात उघडली की प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एकूण सहा बाइट लागतात. २४ मेगापिक्सेल म्हणजे २.४ कोटी पिक्सेल. त्यांना सहाने गुणले की १४४ एमबी होतात. हा झाला एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर. त्याची प्रत काढून त्यावर काम केले की आणखी १४४ एमबी. लग्नाच्या एका फोटोवर चार-पाच लेयर चढवले तरी बेरीज एक जीबीच्या आतच राहते, आणि म्हणूनच ८ जीबीवरही ते काम आपल्याला रेटता येते.

आता कातळशिल्पाकडे येऊ. वीस फोटो फोटोशॉपमध्ये जोडायला दिले की तो प्रत्येक फोटो स्वतंत्र लेयर म्हणून ठेवतो आणि प्रत्येकाला एक मास्क, म्हणजे त्याचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा, लावतो. मास्कसह एका लेयरचे सुमारे १९० एमबी धरले, तर वीस लेयरचे चार जीबीच्या जवळपास होतात. दोन्ही दिशांनी एक तृतीयांश भाग समान असल्यामुळे जोडून झालेले चित्र सुमारे २० कोटी पिक्सेलचे असेल, म्हणजे एका सपाट लेयरला १.२ जीबी. त्यावर वाळलेले गवत किंवा काठीची सावली पुसण्यासाठी एक प्रत काढली, मग रेषा उठावदार करण्यासाठी एखादा फिल्टर लावला, की हिस्टरीत, म्हणजे केलेला बदल मागे घेता यावा म्हणून, जपून ठेवलेल्या आधीच्या अवस्थांसह ही मागणी पाहता पाहता सात-आठ जीबीवर जाते. फोटोशॉप मुळात पन्नास हिस्टरी अवस्था जपून ठेवतो. अशा मोठ्या चित्रांसाठी तो आकडा वीसच्या खाली आणलेला बरा.

याच्या विरुद्ध बाजूला हे पाहावे की फोटोशॉपच्या वाट्याला प्रत्यक्षात किती येते. १६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि पाठीमागे चालणाऱ्या गोष्टी चार जीबीच्या आसपास घेतात. उरलेल्या बाराचा ७० टक्के भाग फोटोशॉप मूळ सेटिंगनुसार स्वतःसाठी धरतो. म्हणजे झाले साधारण आठ जीबी. लाइटरूम त्याच वेळी उघडा असेल तर तेही मिळणार नाहीत. ३२ जीबीमध्ये हाच वाटा १९-२० जीबीपर्यंत जातो. अडोबी कंपनी या दोन्ही प्रोग्रामसाठी किमान ८ जीबी आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगते, आणि एकेक फोटो सुधारणाऱ्या माणसासाठी ती शिफारस योग्यच आहे. आपले जोडकाम मात्र त्या मर्यादेच्या अगदी काठावर येते. म्हणून लग्नांसाठी १६ आणि कातळशिल्पांसाठी ३२, असे माझे स्पष्ट मत आहे. ६४ जीबीची गरज मला या कामात दिसत नाही. उद्या आपण शेकडो फोटोंवरून शिल्पाचे त्रिमितीय प्रारूप तयार करू लागलात तर तो विचार वेगळा करावा लागेल.

रॅम अपुरी पडली की काम थांबत नाही, ते डिस्कवर सांडते. विंडोज आपल्या पेजफाइलमध्ये आणि फोटोशॉप आपल्या स्क्रॅच डिस्कवर जास्तीचा भार टाकतो, आणि एसएसडी प्रकारची डिस्क कितीही वेगवान असली तरी ती रॅमपेक्षा खूपच मंद असते. माउस अडकतो तो यामुळे.

माझा हिशेब मात्र तसाच स्वीकारू नका. नेहमी उघडे असतात ते सगळे प्रोग्राम चालू ठेवून वीस फोटो जोडायला घ्या आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीखाली ‘कमिटेड’ असे लिहिलेले दिसेल. त्यातला पहिला आकडा म्हणजे सर्व प्रोग्रामनी मिळून केलेली मागणी. रॅम ९० टक्के भरलेली दिसली एवढ्यावरून काही ठरवू नये, कारण प्रोग्राम मिळेल तेवढी मेमरी वापरतातच. पण कमिटेडचा आकडा रॅमच्या बराच वर गेला आणि त्याच वेळी डिस्क सतत १०० टक्के व्यग्र दिसली, तर टंचाई खरी आहे. फोटोशॉपच्या तळपट्टीवर ‘एफिशियन्सी’ दाखवण्याची सोय आहे. तो आकडा १०० च्या खाली रेंगाळत असेल तर फोटोशॉप डिस्कवर काम करत आहे असे समजावे.

उत्तर – लग्नसराई, चिपळूण

वरचा हिशेब मला मान्य आहे, पण नमन-खेळ्यांचा मुद्दा त्यात सुटला आहे आणि पैशांची वाटणी करताना तो महत्त्वाचा ठरेल.

रात्रीच्या खेळाचे फोटो अंगणातल्या दिव्यांवर, ६४०० किंवा त्याहून जास्त आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) घ्यावे लागतात आणि त्यांत दाणे येतात. ते काढण्यासाठी लाइटरूममध्ये २०२३ च्या एप्रिलपासून एआयवर चालणारे डीनॉइज आले आहे. ते काम रॅमवर नव्हे, ग्राफिक्स कार्डावर चालते. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर एका फोटोला काही मिनिटे लागू शकतात. स्वतःची ६ ते ८ जीबी मेमरी असलेल्या वेगळ्या कार्डावर हेच काम काही सेकंदांत उरकते. एका रात्रीतले शंभर फोटो निवडले तर या फरकाने अख्खी दुपार वाचते. शिवाय वेगळे कार्ड नसेल तर अंतर्गत ग्राफिक्स आपल्या रॅममधूनच वाटा उचलते, ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. म्हणजे १६ जीबी लिहिलेली असली तरी फोटोंच्या वाट्याला पूर्ण १६ येत नाही.

लग्नाचे हजार-दीड हजार फोटो एकदम एक्सपोर्ट करताना, म्हणजे त्यांच्या तयार प्रती बाहेर काढताना, लागणारा वेळ रॅम वाढवून फारसा कमी होत नाही. तिथे प्रोसेसर महत्त्वाचा. म्हणून ताई, माझा सल्ला असा आहे की वेगळे ग्राफिक्स कार्ड आजच घ्या, कारण ते नंतर बसवता येत नाही. रिकाम्या स्लॉटात रॅम केव्हाही घालता येते. स्क्रीनवरही तडजोड नको. माहितीपत्रकावर ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल तर तो स्क्रीन एसआरजीबी या नेहमीच्या रंगश्रेणीचे साधारण ६०-६५ टक्केच रंग दाखवतो, आणि जांभ्याचा तांबूस रंग अशा स्क्रीनवर पारखून सुधारणे कठीण आहे. एसआरजीबीचे १०० टक्क्यांच्या जवळपास रंग दाखवणारा स्क्रीन पाहावा.

मॅकबुकचा विचार असेल तर तिथला हिशेब निराळा आहे. २०२० मध्ये एम१ चिप आल्यापासून मेमरी चिपसोबतच बसवलेली असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही तीच वापरतात आणि ती पुढे कधीच वाढवता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून अॅपलने मॅकबुकची मूळ मेमरी १६ जीबी केली. आधीचे ८ जीबीचे मॅकबुक स्वस्तात मिळाले तरी आपल्या कामासाठी घेऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर – कातळसडा, राजापूर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे टास्क मॅनेजर उघडून पाहिले. लाइटरूममध्ये लग्नाचे फोटो सुधारताना कमिटेडचा आकडा ११ जीबीच्या आसपास राहिला. वीस फोटो फोटोशॉपमध्ये जोडताना तो १९ च्या वर गेला आणि डिस्क १०० टक्क्यांवरून खाली येईना. त्यामुळे ३२ जीबीकडे जाणे भाग आहे हे पटले. जाड लॅपटॉपच्या एका प्रकारात ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे आणि त्याचा स्क्रीनही चांगला आहे. तो १६ जीबीचा घेऊन लगेच दुसरी १६ ची पट्टी घालावी, असे मनात आहे. ती पट्टी कोणती घ्यावी आणि तोपर्यंत सध्याच्या लॅपटॉपवर काम कसे चालू ठेवावे?

उत्तर – दुरुस्तीचा टेबल, कुडाळ

मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो, म्हणून पट्टीबद्दल सांगतो.

आधीच्या पट्टीचा प्रकार आणि वेग पाहावा. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटात बसत नाही, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपसाठी ‘एसओडिम’ ही लहान पट्टी लागते, डेस्कटॉपची लांब पट्टी नव्हे. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र घातल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, म्हणून क्षमता आणि वेग सारखा ठेवावा. शक्य असेल तर त्याच कंपनीची घ्यावी. १६ ची एकच पट्टी असण्यापेक्षा १६ च्या दोन असण्यात आणखी एक लाभ आहे: मेमरी दोन वाटांनी चालते आणि अंतर्गत ग्राफिक्सला त्याचा चांगला उपयोग होतो.

दुकानदाराच्या शब्दावर न जाता दुकानातच टास्क मॅनेजर उघडायला सांगावे. मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ या शब्दांपुढे ‘एसओडिम’ दिसले तर पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ दिसले तर रॅम बोर्डवर पक्की आहे. काही लॅपटॉपमध्ये अर्धी पक्की आणि एक स्लॉट असतो, म्हणून त्या नेमक्या मॉडेलमध्ये जास्तीत जास्त किती रॅम चालते हेही कंपनीच्या माहितीतून पाहून घ्यावे.

आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेचाही इथे संबंध आहे. पट्टीच्या सोनेरी टोकांवर आणि स्लॉटात थर जमतो आणि पावसाळ्यानंतर लॅपटॉप सुरूच न होणे किंवा अर्धीच रॅम दाखवणे असे प्रकार माझ्या टेबलावर येतात. पुष्कळदा रॅम बिघडलेली नसते. बॅटरीची जोडणी काढून, पट्टी बाहेर घेऊन तिची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की ती पुन्हा चालते. म्हणून दुसरी पट्टी घालताना उघड्या अंगणात किंवा समुद्राकडच्या खिडकीपाशी बसू नये, आणि टोकांना बोट लावू नये.

सध्याच्या लॅपटॉपवर वीस फोटो एकदम जोडायला देऊ नका. लाइटरूमचेच पॅनोरमा जोडकाम वापरा. ते लेयर न ठेवता एकच सपाट डीएनजी (रॉसारख्या प्रकारची) फाइल देते. तेही अडकले तर आधी पाच-पाच फोटोंच्या ओळी जोडा, आणि मग त्या चार ओळी एकत्र करा. त्या वेळी ब्राउझर पूर्ण बंद ठेवा. फोटोशॉपमध्ये नेल्यावर फाइल २ जीबीच्या पुढे गेली तर ती पीएसडी या फोटोशॉपच्या नेहमीच्या प्रकारात जतन होणार नाही, पीएसबी हा प्रकार निवडावा लागेल.

शेवटी वॉरंटीचे. काही कंपन्या ग्राहकाने मागचे झाकण उघडून रॅम घालणे मान्य करतात, काही ते काम अधिकृत केंद्रातूनच व्हावे असा आग्रह धरतात. त्या मॉडेलबाबत काय नियम आहे ते बिल करण्यापूर्वी लेखी विचारावे. दुकानदार स्वतःच दुसरी पट्टी बसवून देत असेल, तर तिचा उल्लेख त्याच बिलावर करून घ्यावा आणि ३२ जीबी दिसत आहे हे तिथेच पाहून मग लॅपटॉप ताब्यात घ्यावा.