मदत हवी आहे : नदीकाठच्या वस्तीचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा (तातडीचे)

काठावरचा
नमस्कार. आमच्या वस्तीचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा येत्या सोमवारी द्यायचा आहे आणि, मी संगणकाच्या शिकवण्या घेतो एवढ्या एकाच पात्रतेवर, तो लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. एका कार्यालयात नमुना मागितला तर त्यांनी दुसरीकडे पाठवले आणि दुसऱ्यांनी पुन्हा पहिल्यांकडेच बोट दाखवले. इंटरनेटवर सापडलेल्या एका जाडजूड आराखड्यात त्सुनामीचे स्वतंत्र प्रकरण आहे, ज्याचा नाशिकला काय उपयोग ते मला कळलेले नाही. कोणाकडे चार-पाच पानांचा मराठी नमुना असेल तर कृपया आजच द्यावा. चर्चा नंतर करू, आधी नमुना हवा आहे.

सातपूरकर
नमुना देता येईल, परंतु वस्ती कुठे आहे, कोणत्या नदीकाठी आहे आणि महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. आराखडा मागितला कोणी, हेही सांगावे.

काठावरचा
नदी गोदावरीच, नाशिकमध्ये आणखी कोणती असणार? शहराच्या खालच्या अंगाला आहोत. आराखडा ग्रामसभेत मागितला गेला.

पंचवटीकर
नासर्डी, वाघाडी, वालदेवी आणि दारणा या नद्यांना आपण एका वाक्यात वाहून नेलेत.

सायरन_सुभेदार
आराखडे कपाटात राहतात. आमच्या कॉलनीत आम्ही वर्गणी काढून बॅटरीवर चालणारा भोंगा बसवला, त्यानंतर कोणालाही कागद वाचावा लागलेला नाही. आपणही तेच करावे. भोंग्याचा तपशील हवा असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा.

दप्तरी
मी महसूल खात्यातून निवृत्त झालेलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. जिल्ह्याचा आराखडा हे प्राधिकरण करते. परंतु कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणांनीही आपापला आराखडा करून त्याची प्रत जिल्हा प्राधिकरणाला द्यायची असते, आणि कलम ४१ मध्ये कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधने कोणत्याही क्षणी वापरता येतील अशी ठेवणे व आपल्या हद्दीतली बांधकामे ठरलेल्या मानकांप्रमाणे होतात हे पाहणे, ही कामे स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहेत. महापालिका हद्दीत ही जबाबदारी महापालिकेची, गावात ग्रामपंचायतीची, आणि तालुक्याला या सगळ्याचा मेळ तहसीलदार घालतात. सातपूरकरांनी हद्द विचारली ती याच कारणाने. उत्तर अजून आलेले नाही.

काठावरचा
दप्तरी काका, आभारी आहे. हद्दीचे म्हणाल तर गावठाण ग्रामपंचायतीत आहे, परंतु ओढ्याच्या अलीकडची बावीस घरे महापालिकेला घरपट्टी भरतात. पाणी आधी त्यांच्याच दारात येते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते असे वाटल्यामुळे मी लिहिली नव्हती.

सातपूरकर
ही गोष्ट फक्त त्या बावीस घरांना ठाऊक होती. दोन कार्यालयांनी आपल्याला एकमेकांकडे का पाठवले, त्याचाही उलगडा यातच आहे.

नियमावली
दप्तरींच्या माहितीत भर घालतो. २०२५ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि नव्या कलम ४१अ प्रमाणे महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी राज्य शासनाला स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करता येते. महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष, अशी त्याची रचना आहे. म्हणजे त्या बावीस घरांचा प्रश्न आता आयुक्तांच्या अखत्यारीत जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्याचे कारण उरत नाही.

दप्तरी
तरतूद बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. अधिसूचना निघणे, प्राधिकरण प्रत्यक्ष बसणे आणि त्याने आराखडा करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय धरणातून सोडलेले पाणी घरपट्टीची पावती पाहून वळत नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांसाठी एकच आराखडा लिहावा, त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक ग्रामपंचायतीमार्फत तहसीलला आणि दुसरी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यावी, आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्यावा.

निळीरेषा
मुळात ही घरे निळ्या पूररेषेच्या आत आहेत का? पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा असते. निळ्या रेषेच्या आत वस्ती असताना आराखडे लिहिणे म्हणजे गळक्या छपराखाली पातेली मांडणे आहे. घरे हलवा.

मोगरा
घरे हलवा, हे लिहायला दोन शब्द लागतात. ही घरे रेषा आखली जाण्यापूर्वीची असण्याची शक्यता अधिक आहे. पुनर्वसनाची मागणी स्वतंत्रपणे जरूर करावी, परंतु पावसाळा त्या फायलीसाठी थांबत नाही आणि तोपर्यंत पातेली मांडावीच लागतात.

पंचनामा_मित्र
पाणी ओसरल्यावर घाईने घर धुऊ नये. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे छायाचित्र घ्यावे, मग तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कळवून पंचनामा करून घ्यावा आणि आधार, बँक पुस्तक व घरपट्टीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवावी. नुकसानभरपाईसाठी हे अत्यंत महत्त्वाचे आहे.

काठावरचा
माहिती चांगली आहे, परंतु भरपाईबद्दल मी विचारलेले नाही. नमुना कोणी देणार आहे का?

मोगरा
भाऊ, मी पूर येणाऱ्या गावात शिक्षिका होते आणि आमचा आराखडा मुलांच्या चौकोनी वहीच्या तीन पानांत मावला होता, म्हणून सांगते. पहिल्या पानावर घरनिहाय यादी करावी, पण सगळ्या घरांची नको. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, दिवस भरत आलेली बाई आहे, तान्हे मूल आहे किंवा डायलिसिसवर असलेले कोणी आहे, तीच घरे लिहावीत आणि प्रत्येक घरापुढे त्या माणसाला उचलून कोण आणणार त्याचे नाव लिहावे. दुसऱ्या पानावर जागा आणि वाटा, म्हणजे निवारा कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे, कोणता फरशी पूल पहिल्यांदा बुडतो आणि तो बुडाल्यावर कोणत्या रस्त्याने बाहेर पडायचे. तिसऱ्या पानावर फोन नंबर. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ सगळ्यांत वर लिहावा, त्याखाली ११२, अग्निशमनचा १०१, वीज बंद करणारा लाइनमन, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि त्या बावीस घरांसाठी महापालिकेचा विभागीय अधिकारी. दर जूनमध्ये प्रत्येक नंबर एकदा लावून पाहावा, कारण आमच्या यादीतला एक लाइनमन दोन वर्षांपूर्वीच बदलून गेलेला निघाला होता.

सायरन_सुभेदार
या सर्वांत इशारा कसा देणार ते कुठेच आलेले नाही. भोंगा लागतोच.

पंचवटीकर
भोंगा वाजवणाऱ्याला आधी पाणी येत असल्याचे कळले पाहिजे. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणाच्या विसर्गाचे, म्हणजे सोडलेल्या पाण्याचे, आकडे क्युसेकमध्ये येतात आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हा आकडा घोकून घर सोडायचे की नाही ते ठरत नाही. शहरात आम्ही गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे पाहतो. कमरेला पाणी आले की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवू लागतात. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही पुरांत लोक मारुतीच्याच खुणेने बोलत होते. आपण खालच्या अंगाला आहात. त्यामुळे मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची वेळ आणि आपला फरशी पूल बुडाल्याची वेळ, या दोन्ही प्रत्येक पुरात टिपून ठेवाव्यात. दोन-तीन पावसाळ्यांत आपल्या हातात किती अवधी असतो ते कळेल, आणि तो कोणत्याही तयार नमुन्यात छापलेला नसतो. पुलाच्या खांबावर पिवळ्या आणि तांबड्या रंगाचे पट्टेही मारून घ्यावेत.

दप्तरी
सूचना उत्तम आहे, त्यात एक सावधगिरी जोडतो. धरणाचा विसर्ग कमी असतानाही शहरात मुसळधार पाऊस झाला तर नासर्डीचे पाणी टाकळीला गोदावरीत येते आणि त्या पाण्याला कोणताही दरवाजा नाही. म्हणून केवळ विसर्गाच्या संदेशावर अवलंबून राहू नये. आणि भोंगा असो वा दवंडी, विसर्ग वाढल्याचे कळताच नदीकाठचा शेतकरी पहिल्यांदा पाण्याच्या मोटारी काढायला धावतो, तेही रात्री आणि एकटा. मोटारी किती पाण्याला आणि कोणाच्या सोबतीने काढायच्या, आणि त्यानंतर नदीकडे कोणीही फिरकायचे नाही, हे आराखड्यात स्पष्ट लिहावे. दावणीची जनावरे सोडण्याची वेळही त्याच ओळीत यावी.

सायरन_सुभेदार
बोट घेतली तर मोटारी काढायलाही उपयोगी पडेल.

दप्तरी
पुराच्या पाण्यात न शिकलेल्या माणसाच्या हाती बोट देणे म्हणजे वाचवायच्या माणसांची संख्या वाढवणे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून येते, ती पोहोचेपर्यंतचा वेळ आपला असतो हे खरे, परंतु त्यासाठी बोटीआधी चार तरुणांना आपदा मित्रांचे, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचे, बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळावे म्हणून तहसीलमार्फत अर्ज करावा. दोर, विजेऱ्या आणि लाइफ जॅकेट यांचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात मांडता येतो. ग्रामसभा होणारच आहे, तर विषय त्याच दिवशी मंजूर करून घ्यावा.

निळीरेषा
सिंहस्थासाठी नदीकाठी इतकी कामे निघाली आहेत, त्यांच्यामुळे पुराची पातळी बदलेल का, याचा विचार कोणी केला आहे का?

सातपूरकर
प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे सोमवार जवळ येत चालला आहे.

काठावरचा
सर्वांचा आभारी आहे. सुरुवातीला मी उतावळेपणाने लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. मोगराताईंच्या पद्धतीने काल संध्याकाळी दोन्ही बाजूंना घरोघरी फिरलो. उचलून आणावी लागतील अशी सात माणसे निघाली, त्यांतली पाच ओढ्याच्या अलीकडची आहेत. दोघांपुढे लिहिलेल्या तरुणांची रात्रपाळी असते असे नंतर कळले, म्हणून तिथे आणखी एकेक नाव जोडले. निवारा म्हणून शाळा लिहिली होती, परंतु किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि ते राहतात शहरात, पुलाच्या पलीकडे. त्यांना फोन केला तेव्हा, आजवर हे कोणी विचारलेच नव्हते, असे ते म्हणाले. आज सकाळी त्यांनी दुसरी किल्ली करून पोलीस पाटलांच्या घरी दिली आहे, आणि ती देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेली आहे असे आराखड्यात लिहिले आहे.